भाऊंची कांडी आणि माझी वायर

लोणावळा, मळवली, सोमाटणे आणि पंचक्रोशीतील समस्त नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मळवलीच्या टेकाडावरील दुर्बीण सुखरूप आहे. आरशाला ओरखडा नाही. नळी वाकलेली नाही. छप्पर जागच्या जागी आहे. तरी कोणीही काळजी करू नये आणि विनाकारण टेकाडावर गर्दी करू नये.

गर्दी कुणी करणार नव्हतंच म्हणा. पंचक्रोशीतल्या निम्म्या लोकांना ती पाण्याची टाकी वाटते. ही बातमी खरं तर एकाच माणसाला द्यायची होती, आणि तो माणूस, म्हणजे तुम्ही, भाऊ, त्याच दिवशी दुपारी चार वाजता निघून गेला होतात. आणखी तीन-साडेतीन तास थांबला असतात तर आपला वाद निकाली निघालेला बघून गेला असतात. वाद तुम्ही जिंकलात. हे मी मोठ्या मनानं कबूल करतो आहे, कारण आता तुम्हाला "मी काय म्हनलं हुतं?" असं म्हणता येणार नाही.

तुमचा जन्म कधीचा, रेल्वेत किती वर्षं काढलीत, हे सगळं विहाराबाहेरच्या फलकावर लिहिलेलं आहे. मला त्यात पडायचं नाही. मला त्या पिंपाबद्दल बोलायचं आहे.

मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुम्ही लोणावळ्याच्या रेल्वे क्वार्टरच्या मागच्या अंगणात एका डांबराच्या रिकाम्या पिंपाभोवती गोल गोल चालत होतात. पिंपावर परातीएवढी मोठी, जाड काच, तिच्यावर दुसरी काच, मधे ओली पूड. दोन पावलं चालायचं, काच पुढं-मागं घासायची, पुन्हा दोन पावलं. दुर्बिणीचा आरसा हातानं असाच करतात, हे मला माहीत नव्हतं. शेजारचे एक गृहस्थ कुंपणावरून ओरडले होते, "काय ओव्हाळ, प्रदक्षिणा घालाया कवापासून लागला?" तुम्ही न थांबता म्हणालात, "काच मानतीय का बघतोय. देव लोकांचं तरी कुटं ऐकतोय." आणि आतून तुमच्या पत्नीचा, सुमनमावशींचा आवाज आला होता, "त्यांचं पिंप झालं की त्यांना म्हणावं जात्याभोवती पण दोन फेऱ्या घाला."

चार वर्षं तुम्ही त्या पिंपाभोवती चाललात. सिग्नल मेंटेनरची ड्यूटी करून, खंडाळ्याच्या घाटात दिवसभर खांबांवर चढून-उतरून आल्यावर. आणि आरसा झाला. असा झाला की मी पहिल्यांदा त्यातून शनी पाहिला तेव्हा नळीच्या तोंडाशी जाऊन कुणी चित्र चिकटवलंय का ते तपासलं. त्याबद्दल तुम्ही मला पुढं कधी माफ केलं नाहीत.

मळवलीला बबनदादांच्या भावकीचं टेकाड होतं, त्यांचं घर पायथ्याशीच. भाताची खाचरं खाली, वर मुरूम. तिथं आपण पत्र्याची खोली बांधली, जिचं छप्पर रुळांवरून बाजूला सरकतं. रूळ कुठून आले हे मी कधी विचारलं नाही. तुम्ही तिथं संध्याकाळी जायचात, छप्पर ढकलायचात, स्टुलावर बसून तारे मोजायचात. काही तारे उजळतात आणि मंद होतात, त्यांचं आजचं तेज किती, एवढंच वहीत लिहायचं. एका रात्रीत तीन, फार तर चार तारे. मग पाठ धरायची. पुढं गुडघेही बोलायला लागले.

दुर्बीण आपोआप चालवायची ही कल्पना तुमचीच. लोकांना वाटतं, मी तळेगावच्या कारखान्यात यंत्रांचे कंट्रोल पॅनेल करणारा माणूस, म्हणून मीच म्हाताऱ्याच्या गळ्यात कॉम्प्युटर बांधला. मी तुम्हाला नुसतं छपराला मोटर लावू का विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "छप्परच का? सगळंच लावा. आभाळ मोकळं आसताना मी घरी गुडघे शेकीत बसतोय, आन् तारं फुकट चाललंत."

त्या वर्षभरात मला जेवढी मजा आली तेवढी कधी आली नाही. मी प्रोग्रॅम लिहायचो आणि तुम्ही त्याच्यात खोड काढायचात. कुठला तारा आधी, कुठला नंतर, हे ठरवायला मी तीन पानांचं गणित मांडलं. तुम्ही ते वाचलं नाहीत. वहीत उभ्या रेघा मारून रेल्वेच्या टाइमटेबलसारखा तक्ता काढलात. "पच्छिमचं आदी. ते निघालेत, थांबायचं न्हाईत. उगवतीचं बसलेत फलाटावर, त्यांना काय घाई? आन् शनिवार-रविवार इसापूर किल्ल्याच्या अंगाला जायचंच न्हाई, तिकडच्या बंगल्यांचं दिवं आसत्यात." माझं तीन पानांचं गणित मी फाडलं. आज त्या तक्त्यावर आपली दुर्बीण एका रात्रीत तीस-चाळीस तारे बघते. सूर्य मावळला की छप्पर सरकतं, ती उठते, फोटो काढते, ढग आले की निजते, छप्पर परत येतं. आणि काय केलं ते माझ्या मोबाईलवर मराठीत कळवते. मराठी माझी हौस. "दुर्बीण झोपली" असा निरोप आला की तुम्ही म्हणायचात, "ती झोपली, आता तुमी बी झोपा."

आता वाद.

दुर्बीण उभी असली की तिचं तोंड छपराच्या कडेच्या वर येतं. म्हणजे छप्पर मिटायच्या आधी ती आडवी झालीच पाहिजे. नाहीतर मोटर छप्पर ओढणार, छपराची लोखंडी पट्टी नळीवर येणार, नळी उलटणार, आणि खाली आरसा. मी म्हणालो, सोपं आहे. दुर्बीण फिरवणारी मोटर किती फिरली हे प्रोग्रॅमला माहीत असतं. आडवी झाल्याचं तोच सांगेल, मग छप्पर ओढेल.

तुम्ही विडीकाडी न ओढणारा माणूस, पण त्या वेळी विडी ओढणाऱ्यासारखे दूर बघत बसलात. मग म्हणालात, "अविनाशराव, मोटर फिरली म्हंजे गाडीचा रूळ बदलनारा सांधा फिरला आसं न्हाई. मधी खडा अडाकला तर मोटर फिरंल आन् रूळ तितंच. म्हनून रूळ खरंच सरकला का, हे बघाया सांध्याला येगळी कांडी आसती. ती कांडी हालल्याबिगर सिग्नल पडत न्हाई. सांगनारा आन् बघनारा एक ठिवायचा न्हाई."

"भाऊ, ही गाडी नाही. हिच्यात माणसं बसत नाहीत."

"माझी चार वर्सं बसल्यात हिच्यात."

तुम्ही कांडी बसवलीत. दुर्बीण आडवी झाली की तिचं वजन लाकडी घोडीवर यायचं, घोडीतली बोटभर लांबीची पितळी कांडी खाली दबायची, आणि मगच छपराच्या मोटरला वीज मिळायची. कॉम्प्युटर काहीही म्हणो.

मी म्हणालो, "आणि कांडीच बिघडली तर? छप्पर उघडं राहील, पाऊस येईल."

"भिजू दे. भिजलेलं पुसता येतं."

हा वाद आपण तिथं सोडला तो सोडलाच. तुम्हाला वाटलं तुम्ही जिंकलात, मला वाटलं मी तुमचा मान राखला.

आणि दिवाळीनंतर कुंभारमाशीनं घात केला. पावसाळाभर बंद खोलीत तिनं तुमच्या कांडीच्या भोकात मातीचं घर बांधलं. कांडी दबेना, छप्पर मिटेना. एका आठवड्यात तीनदा मी सोमाटण्याहून पहाटे गाडी काढून मळवलीला आलो आणि दवात ओल्या झालेल्या छपराला खांदा लावला. दर वेळी माती खरवडायची, दर वेळी माशी परत. तिसऱ्या पहाटे मी कांडीच्या पेटीचं झाकण उघडलं, खिशातून वीतभर वायर काढली आणि कांडीची दोन टोकं जोडून टाकली. आता कांडी दबो न दबो, मोटरला वीज मिळणार. झाकण लावलं. तुम्हाला फोन केला. "भाऊ, फॉल्ट काढला. माशीचं घर साफ केलं."

"लय बेस," तुम्ही म्हणालात.

त्या दिवसापासून मी तुम्हाला फसवत होतो. हे वाक्य मी इथं सरळ लिहितो, कारण तोंडावर बोलायचं राहून गेलं. तुमचा दम वाढला, टेकाड चढणं बंद झालं, तसं मला वाटलं की आता काय, भाऊ वर येणार नाहीत, वायर कधी दिसणार नाही. पुढं तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा मी रोज ठरवून यायचो की आज सांगायचं. एकदा तर तोंडाशी आलं होतं. तुम्ही उशीला टेकून बसला होतात, मावशी डब्यातली पेज वाटीत काढत होत्या.

"कसं चाललंय आपलं?" तुम्ही विचारलंत.

"झकास. माशी काढल्यापासून एक फॉल्ट नाही."

"व्हय?" तुम्ही म्हणालात, आणि छताकडे बघत राहिलात. "एक बी न्हाई?"

"एकही नाही."

मी सांगणार होतो, खरंच. पण तेवढ्यात मावशींनी घरातल्या उंदरांचा विषय काढला. उंदीर इतके माजलेत की मावशींची गुडघे शेकायची पिशवी सुद्धा पळवली, अख्खी, बुचासकट. मी म्हणालो, उंदीर रबर नेऊन करतो काय? तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मला वाटलं थकलात. मी उठलो.

मग तो दिवस. दुपारी चारला तुम्ही गेलात, घरीच, आपल्या खाटेवर. मुलगी नाशिकहून निघाली होती म्हणून अंत्यविधी सकाळी ठरला. संध्याकाळी घर माणसांनी भरलं. मी दाराशी सतरंजीवर बसलो होतो, आणि त्या गडबडीत एक गोष्ट साफ विसरलो होतो. दुर्बिणीला कुणी सुट्टी दिली नव्हती. सूर्य मावळला, ती उठली आणि कामाला लागली.

साडेसातच्या सुमारास लोहगडाकडं गडगडलं. अवकाळी. खिशातला मोबाईल थरथरला. "ढग आले. दुर्बीण झोपते आहे." मग, "दुर्बीण झोपली." मी चोरून खोलीतल्या कॅमेऱ्याचं चित्र उघडलं. दुर्बीण झोपली नव्हती. खांबासारखी सरळ उभी होती. मोटरचा पट्टा दातांवरून घसरला असणार. मोटर फिरली, नळी तिथंच. प्रोग्रॅमनं मोटर मोजली आणि झोपली असं सांगून मोकळा झाला. तुम्ही सांगितलेला खडा, फक्त माझ्या हातानं अडकवलेला. पट्टा आवळायचा मी महिनाभर लांबवत होतो.

तिसरा निरोप आला. "छप्पर बंद करत आहे." आणि मळवलीकडं वीज चमकली तशी कॅमेऱ्याचं चित्र गेलं.

भाऊ, तुम्ही आत निजला होतात आणि मी तुमच्या दारात बसून तुमची चार वर्षं फुटताना ऐकत होतो. आवाज येत नव्हता, पण मला येत होता. तुमची कांडी असती तर छप्पर हललं नसतं. कांडी मीच मारली होती, वीतभर वायरीनं.

मावशी माझ्याकडेच बघत होत्या. "काय झालं?"

"दुर्बीण, मावशी. उघडी आहे."

"मग बसलात काय? ते असते तर एव्हाना वलवणच्या पुढं चालत गेले असते. जा."

बबनदादांना फोन लावत मी गाडी काढली. फोन लागेना. मळवलीचं फाटक ओलांडून टेकाडाखाली गाडी सोडली आणि मोबाईलच्या उजेडात चढलो. मोठे मोठे थेंब पडत होते. वर पोचलो तर छप्पर सताड उघडं. तसूभरही हललेलं नाही. मधोमध दुर्बीण उभी, आणि तिच्या डोक्यावर बबनदादा ताडपत्री बांधत होते, तोंडात सुतळी धरून.

"या सायेब," ते सुतळी काढून म्हणाले. "भिजली न्हाई जास्त. दोन-चार थेंब गेलं आसतील आत."

"छप्पर? छप्पर मिटलं कसं नाही?"

"मिटंल कसं? ती आडवी हाय का?"

मी पेटीचं झाकण उघडलं. माझी वायर जागेवर नव्हती. कांडीवर निळ्या रबराची घट्ट टोपी बसवलेली होती, रेघारेघांचं रबर, माशीला शिरायला सुईएवढी फट नाही. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला खिळ्याला माझी वायर टांगलेली, नीट वेटोळं करून. तिला तुम्ही रेल्वेत सामानाला बांधायचात तसं पुठ्ठ्याचं लेबल, तुमच्या टपोऱ्या अक्षरात. "अविनाश यांची वायर. काढून ठेवली आहे. परत लावणेची असल्यास मला विचारून लावावी." शेजारी सुतळीला दुसरी निळी टोपी, तिच्यावर "जादा".

मी ते तीनदा वाचलं.

"हे कधी झालं?"

"संक्रांतीच्या दुसऱ्या दिशी," बबनदादा म्हणाले. "मीच आनलं न्हवं का गाडीवर बसवून. निम्म्यात दम लागला म्हनून पाठकुळी घेतलं. टोपी बसवाया वर आलं, झाकान उघाडलं आन् लय हासलं. हासून हासून खोकला आला."

"मला का नाही सांगितलं?"

"मी म्हनलं की सायबाला बोला. तर म्हनलं, 'हुशार मानूस हाय. भांडलो तर दुसरी वायर लावंल, दिसनार न्हाई आशी. न बोललो तर परत हात लावनार न्हाई. वाटू दे त्याला, म्हाताऱ्याला फशिवलं.' आन् मला सांगून ठिवलं, आभाळ वाजलं आन् छप्पार उघडं दिसलं तर पयली ताडपत्री टाकायची. सायबाच्या मोबाईलचं ऐकायचं न्हाई."

त्या वेळी मी काय करायला हवं होतं, भाऊ? तुम्हाला जाऊन पाच तासही झाले नव्हते. मी खाली मुरमावर बसलो आणि हसलो. बबनदादाही हसले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, आणि आम्ही दोघं ताडपत्रीवर थेंब वाजताना ऐकत राहिलो. नंतर नळी हातानं आडवी केली. पट्टा ढिला होता, जड गेली नाही. टेकली घोडीवर. तुमची कांडी टक् करून दबली आणि छप्पर आपोआप निघालं, आमच्या डोक्यावरून, सावकाश.

दवाखान्यातलं तुमचं ते "एक बी न्हाई?" मला घरी परतताना नीट ऐकू आलं.

आठवडाभर मी ते लेबल पाकिटात ठेवून फिरलो. सुटल्यासारखं वाटत होतं, आणि तरी काहीतरी अडलेलं होतं. तुम्ही मला पकडलंत, माफ केलंत, वर माझी फजिती स्वतःपाशी ठेवून गेलात. पण मी कबूल कधी केलं? तुम्ही लिहिलंय, मला विचारून लावावी. आता विचारायला तुम्ही नाही, म्हणजे ती वायर या जन्मी लागत नाही. एवढं पक्कं कुलूप मी कारखान्यातही कधी बसवलेलं नाही.

म्हणून विहारात तुमच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी, वंदना झाल्यावर कुणाला दोन शब्द बोलायचेत का विचारलं, तेव्हा मी उठलो. तुमचे रेल्वेतले सोबती, मळवलीची मंडळी, नाशिकची तुमची मुलगी, सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. माशी, वायर, खोटं बोललो ते. वायर वर करून दाखवली. लेबल वाचून दाखवलं. तुमच्या सोबत्यांपैकी एक जण मागून म्हणाला, "ओव्हाळनं आमच्या साहेबालाबी असंच लेबल लावलं हुतं." लोक हसले. मावशी हसल्या नाहीत. पहिल्या रांगेत पांढऱ्या साडीत मान खाली घालून बसल्या होत्या. वाटलं, यांना हे आजच ऐकवायला नको होतं. ज्या माणसावर तुम्ही एवढा विश्वास ठेवलात, तो तुमच्या दुखण्यातही तुम्हाला खोटं सांगत होता.

मी खाली उतरलो, त्यांच्यापुढं बसलो आणि काही सुचेना म्हणून ती "जादा" लिहिलेली निळी टोपी त्यांच्या हातात ठेवली. "ही भाऊंनी स्वतः केलेली, मावशी. हिच्यामुळं आरसा वाचला. तुमच्यापाशी असू दे."

त्यांनी टोपी तळहातावर घेतली. उलटी केली. रबराच्या रेघांवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग मान वर केली, माझ्याकडं नाही, हार घातलेल्या तुमच्या फोटोकडं बघितलं, आणि सबंध विहाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"माझी शेकायची पिशवी कापली व्हय! आणि मला म्हणाले, उंदरानं नेली."